ग्रोसग्लॉकनरचा घाट फॅमिलीसोबत गाडीने करताना: कोणत्या क्रमाने जायचं, कुठे थांबायचं, कसं उतरायचं

म्युनिकला राहायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाबा भारतातून येतात आणि मग ग्रुपवर प्रश्न येतो, "ग्लेशियर रोडला जायचंय, कसं जाऊ?" बहुतेक जण जातात आणि संध्याकाळी तोंड पाडून येतात. धुकं होतं, मुलांना उलट्या झाल्या, पार्किंग मिळालं नाही, ब्रेकचा वास आला, वगैरे. आमचंही पहिल्या वर्षी असंच झालं, वाटेतला प्रत्येक थांबा घेत घेत दुपारी तीनला वर पोचलो आणि समोर नुसता पांढरा पडदा. तेव्हापासून आम्ही हा रस्ता उलट्या क्रमाने करतो, म्हणजे आधी थेट टोकाला जायचं आणि मुलांचे थांबे परतीला घ्यायचे. हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवतीच आहे.

रस्ता ऑस्ट्रियात आहे, उत्तरेला साल्झबुर्ग प्रांतातलं ब्रुक ते दक्षिणेला कॅरिंथियातलं हायलिगेनब्लुट, ४८ किमी, ३६ हेअरपिन वळणं. ब्रुक साधारण ७५० मीटरवर आणि मुख्य रस्त्याचा सर्वात उंच भाग होखटोरला २,५०४ मीटर. ग्लेशियर मात्र या मेन रस्त्यावर दिसत नाही! त्यासाठी गुटाल नावाच्या राउंडअबाउटवरून साधारण ९ किमीचा वेगळा फाटा घ्यावा लागतो, तो २,३६९ मीटरवरच्या कायझर-फ्रान्झ-योसेफ्स-हॉए या ठिकाणी संपतो. नाव लांबलचक आहे म्हणून खाली त्याला ग्लेशियर पॉइंटच म्हणते. हा फाटा न घेता सरळ हायलिगेनब्लुटला उतरून "ग्लेशियर कुठे होतं?" विचारणारे लोक मी स्वतः पाहिलेत.

१. तारीख ठरवणं

रस्ता साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतो. पण उघडा आहे म्हणजे फॅमिलीला न्यायला योग्य आहे असं नाही. मे महिन्यात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, बघायला भारी, पण वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात आणि मुलांना पार्किंगच्या पलीकडे पाऊल टाकता येत नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर माझ्या मते जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य एवढाच काळ धरा.

दुसरी गोष्ट, एकच दिवस फिक्स करू नका. त्या भागात दोन रात्री राहा आणि दोनपैकी ज्या दिवशी आकाश मोकळं असेल त्या दिवशी वर जा. झेल-आम-झे, काप्रुन, ब्रुक, फुश यातलं कुठलंही गाव चालेल, किचनवालं अपार्टमेंट मिळालं तर आईबाबांसाठी वरणभाताची सोय होते. म्युनिकहून एका दिवसात जाऊन येऊ म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा, जायलाच तीन तास लागतात आणि यायला तीन, मधे दिवसभर घाट, आणि ड्रायव्हर एकच.

⚠️ रस्ता रात्री बंद असतो, टोलनाक्यावर गेटच लागतं. जून ते ऑगस्ट पहाटे ५ ते रात्री साडेनऊ अशी वेळ असते, त्याआधी आणि नंतरच्या महिन्यांत उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो. बंद व्हायच्या पाऊण तास आधी शेवटची एंट्री. निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या ऑफिशियल साइटवर वेळ बघाच.

२. कागदपत्रं आणि गाडी

भारतातलं लायसन्स असेल तर त्याच्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणा. ते भारतातूनच, तुमच्या आरटीओकडून मिळतं, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, फी १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. इथे आल्यावर ते काढता येत नाही, त्यामुळे तिकीट बुक केल्या केल्या याच्या मागे लागा.

गाडी भाड्याने घेताना चार गोष्टी बोलून, लेखी घ्या:

- गाडी ऑस्ट्रियात न्यायची परवानगी (जर्मनीतून घेत असाल तर)
- ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट सांगणं, नाहीतर इकडे मॅन्युअलच देतात. डाव्या हाताने गिअर टाकायची सवय असलेल्या माणसाने उजव्या हाताने गिअर टाकायचा पहिला प्रयोग या घाटात करू नये
- मुलांच्या सीट. ऑस्ट्रियात १४ वर्षांखालच्या आणि १३५ सेमीपेक्षा कमी उंचीच्या मुलाला सीट लागते, जर्मनीत १२ वर्षांखाली आणि १५० सेमीपर्यंत. दोन्ही देशांतून जाणार असाल तर दोन्ही नियमांत बसेल अशी सीट मागा. "मांडीवर घेते की मी नातवाला" हे आईला आधीच प्रेमाने नाही म्हणून सांगून ठेवा
- डिकीत वॉर्निंग ट्रँगल, फर्स्ट एड आणि चकाकणारं जॅकेट आहे का. ऑस्ट्रियात तिन्ही सक्तीचे आहेत

ऑस्ट्रियाच्या हायवेला विन्येट (हायवे वापरायचा पास) लागतं आणि या घाटाचा टोल त्याच्यापेक्षा पूर्ण वेगळा. विन्येट आहे म्हणून टोल माफ होत नाही आणि टोल भरला म्हणून विन्येट माफ होत नाही. म्युनिकहून येणाऱ्यांनी झिग्सडोर्फला हायवे सोडून इन्झेल, लोफर, झालफेल्डेन असं झेल-आम-झेला यावं, ऑस्ट्रियाचा हायवेच लागत नाही आणि रस्ताही सुंदर आहे.

✔️ चेक: मॅपमध्ये 'टोल टाळा' ऑन आहे का बघा. ऑन असेल तर मॅप तुम्हाला या रस्त्यावर नेतच नाही, भलतीकडून फिरवतो. मॅपवर डेस्टिनेशन हायलिगेनब्लुट टाकू नका, थेट ग्लेशियर पॉइंट टाका.

३. आदल्या संध्याकाळची तयारी

पेट्रोल आदल्या दिवशीच भरा, ब्रुक किंवा झेल-आम-झेला. वर पंप नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चढायला बॅटरी किती खाते ते बघून घाबरू नका, उतरताना बरीच परत येते.

कपड्यांत सगळे चुकतात. खाली झेल-आम-झेच्या तळ्याकाठी लोक पोहत असतात, २५ डिग्री असतं, म्हणून मुलं हाफ पँटवर गाडीत बसतात. दर १०० मीटरला अर्ध्या डिग्रीपेक्षा थोडं जास्तच तापमान उतरतं, म्हणजे वर चौदा-पंधरा, त्यात वारा. ऑगस्टमध्येही वर बर्फ पडू शकतो. प्रत्येकाला एक जाड जॅकेट, कानटोपी, बंद बूट. आईला साडी नेसायची असेल तर आत थर्मल आणि पायात मोजे-बूट, चप्पल नको. गॉगल आणि सनस्क्रीन ऊन नसलं तरी.

खाण्याचं म्हणाल तर वरच्या रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी माणसाला चीजमधल्या श्पेट्झले (पास्त्यासारखा प्रकार), सूप, फ्राइज एवढंच मिळतं. कायझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेला पॅनकेक, गोड असतं पण त्यात अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांना आधी सांगा. आम्ही सकाळी मेथीचे ठेपले, सुकी बटाट्याची भाजी, दाण्याची चटणी करून नेतो, सोबत थर्मासमध्ये चहा. भारतातून येताना आईबाबांनी पेढे-बर्फी आणायची असते पण दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनच्या बाहेरून आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेऊ शकतात. तेव्हा लाडू तेलातले किंवा चिक्की-खाकरा असं सांगा.

गाडी लागणाऱ्या मुलांना सकाळी दूध देऊ नका. कोरडी पोळी, केळं, एवढंच. उलटीची गोळी द्यायची असेल तर डॉक्टरला विचारून, वर चढायच्या आधी, वळणं सुरू झाल्यावर देऊन काही उपयोग नाही.

⚠️ ज्यांना हार्टचा किंवा दम्याचा त्रास आहे, नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी २,५०० मीटरवर जायच्या आधी आपल्या डॉक्टरशी बोलावं. ठणठणीत माणसालाही वर जिना चढताना धाप लागते, ते नॉर्मल आहे. पण डोकं दुखून मळमळायला लागलं, चक्कर आली तर फोटो राहू द्या, गाडीत बसवा आणि खाली उतरा.

✔️ झोपायच्या आधी: उद्याचा अंदाज बघा. सकाळी निघताना वरचे वेबकॅम बघा. वेबकॅमवर पांढरं दिसत असेल आणि दुसरा दिवस हातात असेल तर जाऊ नका.

४. सकाळी चढणं: थांबायचं नाही

साडेसहाला निघा. फुश गाव मागे टाकलं की फर्लायटनचा टोलनाका येतो. गाडीचं दिवसाचं तिकीट ४० युरोच्या वर आहे, माणसांप्रमाणे नाही, गाडीप्रमाणे. पार्किंग आणि वाटेतली प्रदर्शनं त्यातच येतात, म्हणून पावती जपून ठेवा.

नाक्याच्या पुढे वळणं सुरू होतात. प्रत्येक हेअरपिनला नंबर आणि उंचीची पाटी आहे, मुलांना पाट्या मोजायचं काम द्या, डोळे बाहेर राहतात आणि मळमळ कमी होते. मोबाईल आणि पुस्तक बंद. कानाला दडे बसतात त्यासाठी गोळ्या-चॉकलेट, तान्ह्या बाळाला पाजायचं असेल तर गाडी थांबवूनच, सीटमधून काढून चालत्या गाडीत नाही.

ड्रायव्हरसाठी:

- चढ १२ टक्क्यांपर्यंत आहे. सेकंड-थर्डमध्ये राहा, इंजिन घुसमटायच्या आधी गिअर खाली टाका. उंचीवर गाडीची ताकद कमी वाटते, ती बिघडलेली नसते.
- क्रूझ कंट्रोल बंद.
- मोठी बस वळण घेताना तुमच्या लेनमध्ये येते, तिला ती जागा लागतेच. वळणाच्या आधी थांबा, तिला जाऊ द्या.
- सायकलवाले भरपूर असतात. गावाबाहेर ऑस्ट्रियाच्या नियमाप्रमाणे ओव्हरटेक करताना २ मीटर अंतर सोडावं लागतं. जागा नसेल तर मागे मागे चला.
- मागे गाड्यांची रांग लागली तर पुढच्या पार्किंगला बाजूला व्हा, रस्त्याच्या कडेला नाही.

⚠️ भारतातून आलेल्या ड्रायव्हरची सर्वात धोक्याची जागा वळण नाही, पार्किंगमधून बाहेर पडतानाचा क्षण आहे. रस्ता रिकामा असतो, फोटोंच्या गप्पा चालू असतात, आणि हात आपोआप डावी बाजू पकडतो. आमच्याकडे शेजारी बसलेल्या माणसाने प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं असा नियम आहे. बाबांना हे काम दिलंय, ते अतिशय मनापासून करतात.

वाटेत हॉखमाइस येईल, हेक्सेनक्युखे येईल, पार्किंग मोकळं दिसेल, मागून "थांब ना" येईल. थांबू नका. हे सगळं परतीला आहे.

५. एकच अपवाद: एडेलवाइसस्पिट्झे

फुशर ट्योर्ल नावाच्या खिंडीच्या जरा आधी डावीकडे एक छोटा फाटा वर जातो. २,५७१ मीटर, गाडीने जाता येणारी इथली सर्वात उंच जागा. रस्ता दगडी फरसबंदीचा, अरुंद आणि बराच चढाचा, बसना बंदी आहे. वर जागा मोजक्याच गाड्यांची, म्हणून हा थांबा सकाळी आठच्या सुमारास घ्यायचा, अकरानंतर वर जाऊन जागा नाही म्हणून रिव्हर्स मारत बसावं लागतं.

पाऊण तास पुरे. चारी बाजूंना डोंगर दिसतात, थर्मासमधला चहा इथे काढा. वारा इतका असतो की गाडीचं दार उघडताना हातात घट्ट धरून उघडा, नाहीतर शेजारच्या गाडीवर आपटतं आणि भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट जातं. ड्रायव्हर नवशिका असेल किंवा फरसबंदी ओली असेल तर हा फाटा सरळ सोडून द्या, आईबाबांना फुशर ट्योर्लवरूनही जवळजवळ तेच दिसतं.

६. थेट ग्लेशियर पॉइंट, दहाच्या आत

फुशर ट्योर्ल, मग रस्ता थोडा खाली फुशर लाकच्या तळ्याशी, मग पुन्हा वर होखटोरचा बोगदा. बोगद्यात शिरताना साल्झबुर्ग, बाहेर पडताना कॅरिंथिया, आणि कितीदा तरी हवासुद्धा बदललेली असते. तिथून उतार लागतो गुटालपर्यंत.

✔️ चेक: गुटालच्या राउंडअबाउटला ग्लेशियरची पाटी बघून फाटा घ्या. हायलिगेनब्लुटचा रस्ता पकडला तर खाली दुसऱ्या टोलनाक्याशी पोचाल.

दहाच्या आत पोचायचं दोन कारणांसाठी. एक, पार्किंगची इमारत मोठी आहे पण जुलै-ऑगस्टच्या मोकळ्या दिवशी भरते आणि मग गाड्या खालीच थोपवून धरतात, आत मुलं, शी-शू, सगळंच कठीण. दोन, सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं आणि ३,७९८ मीटरचा ग्रोसग्लॉकनर समोर लखलखतो, दुपारी डोंगरावर ढग चढतात आणि शिखर झाकतं ते बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत निघत नाही.

मुलांना आधी सांगून ठेवा की ग्लेशियर म्हणजे फ्रिजमधल्या बर्फासारखं पांढरं मैदान नाही. पास्टर्झे हे ऑस्ट्रियातलं सर्वात मोठं ग्लेशियर, पण आता ते खूप खाली, दगडधोंड्यांनी झाकलेलं राखाडी दिसतं, आणि २०२२-२३ या एका वर्षात त्याचं टोक २०० मीटरहून जास्त मागे गेलं. माझ्या मुलाने पहिल्यांदा विचारलं होतं, "आई, हे घाण का आहे?" आणि मग आजोबा आणि तो अर्धा तास कठड्याशी उभे राहून बर्फ कुठपर्यंत होता त्या खुणा शोधत बसले. त्या अर्ध्या तासासाठी तरी घाई करू नका.

इथे काय करायचं ते माणसाप्रमाणे ठरवा. म्हाताऱ्यांनी टेरेस, व्हिजिटर सेंटर आणि बाक, एवढ्यात सगळं येतं. स्वारोव्स्की वेधशाळेपर्यंत थोडं चालून गेलं की दुर्बिणी आहेत, कठड्याच्या खालच्या खडकांवर आयबेक्स, म्हणजे मोठ्या वळलेल्या शिंगांच्या रानबकऱ्या, बऱ्याचदा दिसतात. चालणाऱ्यांसाठी गाम्सग्रुबेनवेग नावाची वाट आहे, सुरुवातीला बोगद्यांतून जाते, आत थंड आणि अंधार, बाहेर पडल्यावर उजवीकडे डोंगर आणि डावीकडे खोल दरी. मुलाचा हात धरूनच. दगड पडण्यामुळे वाट बंद असेल तर बंद.

⚠️ ग्लेशियरकडे खाली उतरायचा मोह होतो. उतरताना सोपं वाटतं, परत चढायला दुप्पट वेळ आणि या उंचीवर दम लागतो. लहान मुलं आणि आजी-आजोबा घेऊन नाही. बर्फावर तर गाइडशिवाय अजिबातच पाय ठेवायचा नाही, वरून सपाट दिसतं पण भेगा असतात.

जेवण साडेअकराला उरका. साडेबाराला बसेसची गर्दी येते, बाथरूमलाही रांग लागते.

७. परतीचे थांबे

आता मुलांचा वेळ. सगळे थांबे घेऊ नका, तीन पुरे, तुमचं तुम्ही निवडा. आमचे असे असतात.

होखटोरच्या बोगद्यापाशी जुलैतही बर्फाचे पट्टे उरलेले असतात. भारतातून आलेल्यांना बर्फाला हात लावायचा असतो तो इथे लावता येतो, हातमोजे घाला. उतारावरचे पट्टे टाळा, खालून पाणी वाहून पोकळ झालेले असतात, पाय आत जातो.

फुशर लाक, २,२६२ मीटर, छोटंसं तळं, भोवतीने सपाट चक्कर मारता येते, माझ्या सासूबाईंना ग्लेशियरपेक्षा हेच आवडलं. आसपास मार्मोट दिसतात, खारीच्या जातीचा गुबगुबीत प्राणी, शिट्टी मारतो. खायला देऊ नका.

पाऊस आला किंवा मुलं कुडकुडायला लागली तर हाउस आल्पिने नाटुरशाउ, निसर्गाचं छोटं म्युझियम, टोलच्या तिकिटातच बघता येतं. त्याच्याही खाली हेक्सेनक्युखेचा मोठमोठ्या दगडांचा पसारा. खेळायच्या जागा रस्त्यावर ठिकठिकाणी आहेत, पाटी दिसली की वळा.

चारच्या आत शेवटचा थांबा आटपा. गडगडाट ऐकू आला तर तळं-बिळं सोडून लगेच गाडीत.

८. उतरणं: सगळ्यात जास्त लक्ष इथे

आपल्याकडे वरंधा, आंबेनळी उतरलेल्या कोणालाही माहीत असतं की ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं. पण ऑटोमॅटिक गाडीत बसलं की हे विसरतं. फुशर ट्योर्लपासून फर्लायटनपर्यंत साधारण १३ किमीत जवळजवळ १,३०० मीटर उतरायचे असतात. लिव्हर डी मध्येच ठेवून ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापणारच.

एका वर्षी माझे दीर गाडी चालवत होते, मी मागे. हॉखमाइसच्या जरा वर जळक्या रबरासारखा वास आला, आम्हाला वाटलं पुढच्या बसचा. मग ते म्हणाले, "वहिनी, ब्रेक खोल जातोय." पार्किंगला कशीबशी गाडी घातली, पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. पाऊण तास तिथे बसलो. मुलं खेळत होती, आणि मला खाली दिसणाऱ्या वळणांकडे बघवत नव्हतं.

करायचं ते असं:

1. उतार सुरू व्हायच्या आधी, पार्किंगमध्येच, मॅन्युअल मोड लावा (एम, किंवा स्टिअरिंगमागचं मायनस). सेकंड, फार तर थर्ड. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू द्या.
2. ब्रेक मारायचा तर जोरात, थोडा वेळ, वळणाच्या आधी, मग पाय पूर्ण काढायचा. हलका पाय सतत ठेवणं सर्वात वाईट.
3. न्यूट्रल कधीही नाही.
4. इलेक्ट्रिक गाडीत रीजन (मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते ते सेटिंग) जास्तीत जास्त ठेवा. बॅटरी फुल्ल असेल तर रीजन नीट काम करत नाही, म्हणून वर फुल्ल चार्ज करून उतरू नका.
5. दर काही वळणांनी एखाद्या पार्किंगला पाच मिनिटं थांबा, वास येत नसला तरी.

⚠️ वास आला, पेडल मऊ लागलं किंवा खोल गेलं, तर पुढचं पार्किंग म्हणजे शेवटचं. गाडी गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवा, अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते. चाकाला हात लावू नका. त्यानंतरही पेडल नीट नसेल तर चालवू नका, मदत बोलवा. युरोपभर इमर्जन्सी ११२, ऑस्ट्रियात डोंगरातल्या बचावासाठी १४०.

दक्षिणेकडे पुढे जाणारे हायलिगेनब्लुटला उतरतात, तिथेही हेच सगळे नियम. त्यांना रात्री परत उत्तरेला यायचं असेल तर घाटावरून घाई करत येऊ नका, लिएन्झमार्गे फेल्बरटाउअर्नचा बोगदा आहे, त्याचा टोल वेगळा पण तो वर्षभर चालू असतो आणि अंधारात फार सोपा पडतो.

उत्तरेला परतणाऱ्यांनी फर्लायटनच्या नाक्याबाहेर आल्यावर दहा मिनिटं गाडी लावा. एक चक्कर मारून चाकांजवळ वास घ्या, मुलांना बाथरूमला न्या, आणि ड्रायव्हरला आधी चहा द्या, बाकीच्यांना नंतर.